आधी टेप, मग ट्रेंड: पहिल्यांदा घर लावणाऱ्यांसाठी

माझा पहिला सोफा माझ्या घरात कधी आलाच नाही. तो जिन्याच्या वळणावर अडला. खोलीची मापं मी दोनदा घेतली होती, कापडाचा तुकडा भिंतीला लावून पाहिला होता, पण जिना कोण मोजतं? दोन माणसांनी तो उभा केला, आडवा केला, त्याचे पाय काढले. शेवटी कठड्याला घासून कापड फाटलं आणि सोफा आल्या पावली परत गेला. दुकानाने वाहतुकीचे पैसे कापून घेतले, तेही जाण्याचे आणि येण्याचे. तेव्हापासून घरासाठी काही घ्यायचं म्हटलं की माझा हात आधी टेपकडे जातो.

सध्या घरसजावटीत काय चाललंय ते पुढे सांगतेच. पण त्याआधी क्रम. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, कारण शेडकार्ड चाळण्यात मजा असते. मी मापांपासून करायला सांगेन. चुकलेला रंग दोन दिवसांत बदलता येतो, चुकलेला सोफा मात्र दहा वर्षं समोर बसून राहतो.

पायरी १: काही दिवस नुसते राहा

नवीन घरात गेल्यावर झोपायची, बसायची आणि कपडे ठेवायची सोय करा आणि जमलं तर महिनाभर बाकी काही घेऊ नका. या काळात एक वही ठेवा. ऊन कुठून येतं, किती वाजता डोळ्यांवर येतं, आल्याआल्या किल्ल्या आणि पिशव्या कुठे टाकल्या जातात, मोबाईल चार्जिंगला कुठे लागतो, कोणता बोर्ड कपाटामागे जाणार आहे, कोणत्या कोपऱ्यात आपण आपसूक जाऊन बसतो, हे सगळं लिहा. ही नोंद फुकट आहे आणि कोणत्याही सजावटकाराच्या सल्ल्यापेक्षा तुमच्या घराबद्दल जास्त सांगते.

याच काळात आवडलेल्या खोल्यांचे फोटो साठवा. वीस-पंचवीस झाले की एकत्र पाहा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: यात सारखं काय आहे? कधी कळतं की आपल्याला निळा रंग आवडतोय असं वाटत होतं, पण खरं तर प्रत्येक फोटोत मोठी खिडकी आहे. खिडकी विकत आणता येत नाही. मग भिंत निळी करून काय होणार?

पायरी २: मोजा, आणि जमिनीवर चौकटी काढा

खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडकीच्या खालची भिंत, दारं कुठल्या बाजूला उघडतात, बोर्ड जमिनीपासून किती वर आहेत, हे सगळं एका कागदावर उतरवा. त्यानंतर मुख्य दार, जिना, जिन्याची वळणं आणि लिफ्ट मोजा. हो, लिफ्टसुद्धा.

सोफा दारातून जाईल का हे कळण्याची एक सोपी रीत आहे. सोफ्याकडे बाजूने पाहा. सोफ्याच्या हाताच्या पुढच्या टोकापासून त्याच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी तिरकी धरा. सोफ्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या काठीपर्यंतचं सरळ अंतर मोजा. हे अंतर दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा कमी असेल तर सोफा तिरका करून आत घेता येतो, फक्त दारापलीकडे तो वळवायला जागा हवी. दाराची रुंदी चौकटीपासून चौकटीपर्यंत मोजू नका. दार उघडल्यावर उरते ती मोजा.

आता खरी युक्ती. रंगारी वापरतात तो मास्किंग टेप आणा. घ्यायच्या वस्तूचं माप पाहून जमिनीवर तेवढीच चौकट चिकटवा: सोफा, टीपॉय, पलंग, टेबल, सगळं. दोन दिवस त्या चौकटी खऱ्या आहेत असं समजून वावरा. टेपवरून पाय पडला, म्हणजे तिथे नडगी आपटणार. कपाटाच्या चौकटीसमोर त्याचं दार उघडल्यावर लागणारी जागाही टेपने आखा. उंच वस्तूंसाठी रिकामे खोके एकावर एक रचून पाहा, कारण चौकट फक्त जमीन दाखवते. छातीएवढं कपाट खोलीचा उजेड किती खातं ते खोक्यांनीच कळतं.

ही काही मापं वहीत लिहून ठेवा. येण्याजाण्याच्या वाटेला ७५ ते ९० सेंटीमीटर. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४० ते ४५, म्हणजे पाय सरळ करता येतात आणि हातही पोचतो. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ आणि खुर्चीच्या बैठकीची ४५. या दोन आकड्यांतला फरक २७ ते ३० च्या आसपास राहिला पाहिजे, नाहीतर मांड्या टेबलाला लागतात किंवा खांदे वर चढतात. टेबलापाशी माणशी ६० सेंटीमीटर रुंदी द्या आणि खुर्चीत माणूस बसलेला असताना मागून दुसऱ्याला जायचं असेल तर टेबलाच्या कडेपासून मागे ९० तरी सोडा. टीव्हीसाठी पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठीक. ५५ इंची टीव्हीचा कर्ण सुमारे १४० सेंटीमीटर असतो, म्हणजे सव्वादोन मीटरवर बसा. आणि तो भिंतीवर फार उंच लावू नका. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा. छताजवळ टांगलेला टीव्ही पाहून मान धरते, हे सांगायला डॉक्टर नको.

पायरी ३: काय चाललंय, आणि त्यातलं किती घ्यायचं

ट्रेंडला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते पाहूनच आपल्याला सुचतं. फक्त एक हिशेब मनात ठेवायचा: जी वस्तू घरात जास्त वर्षं राहणार, ती फॅशनपासून तितकी लांब. कुशनचे अभ्रे, दिव्याची शेड, एखादी भिंत यांत हवी तेवढी हौस करा. सोफा, पलंग, फरशी, स्वयंपाकघरातली कपाटं यांत नको. पॅन्टोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२४ ला फिकट पीच होता, २०२५ ला कॉफीसारखा तपकिरी, २०२६ ला पांढरा. तीन वर्षांत तीन टोकं. या चालीने सोफा कोण बदलणार?

सध्या जे दिसतंय त्यातलं एकेक पाहू.

गोलसर, फुगीर सोफे. फोटोत फार सुंदर. पण वळणदार पाठ भिंतीला नीट टेकत नाही, मागे वाया जाणारी जागा उरते. ते मोठ्या खोलीत मधोमध ठेवायचे. छोट्या खोलीत हा आकार हवाच असेल तर एखादी गोल पाठीची खुर्ची किंवा गोल टीपॉय आणा. टीपॉय गोल असला की कोपरे लागत नाहीत, हा वरचा फायदा.

बुक्ले, म्हणजे गाठीगाठींचं लोकरीसारखं कापड. नवं अजिबात नाही. डिझायनर एरो सारिनेन यांची १९४८ ची 'वूम' खुर्ची बुक्लेमध्येच गाजली. हाताला छान लागतं, पण गाठींत धूळ आणि खाऊचे कण अडकतात आणि मांजर असेल तर तिच्या नखांना याहून चांगलं खेळणं नाही. एका खुर्चीपुरतं ठीक.

जपान्डी. जपानी आणि स्कँडिनेव्हियन शैलींचा मेळ: बुटकं फर्निचर, फिकं लाकूड, सुती-तागाची कापडं, मोजक्या वस्तू आणि भरपूर मोकळी जागा. नवख्याला ही शैली सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात अवघड जाते, कारण ती वस्तू आणण्यावर नाही, लपवण्यावर चालते. बंद कपाटं पुरेशी नसतील तर आठ दिवसांत तिचा बाजार होतो. बुटक्या आसनाचा आणखी एक मुद्दा: घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर ३५ सेंटीमीटर उंचीच्या सोफ्यातून त्यांना हात देऊनच उठवावं लागेल.

वेताची विणलेली जाळी पुन्हा सगळीकडे आहे, खुर्च्यांना आणि कपाटांच्या दारांनाही. हवा खेळती राहते, वजन कमी. बैठक सैल पडली तर लगेच विणून घ्यायला धावू नका. खुर्ची उलटी करून जाळी खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगली भिजवा आणि सावलीत एक रात्र वाळू द्या. नैसर्गिक वेत वाळताना आवळतो आणि बैठक बरीच ताठ होते. प्लास्टिकच्या जाळीवर हा उपाय चालत नाही.

लाइमवॉश, म्हणजे ढगाळ, पुसट छटांची भिंत. गंमत म्हणजे हा साधा चुनाच. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो भिंतीवरच घट्ट होतो. त्यासाठी भिंत पाणी पिणारी हवी. आधीचा प्लास्टिक पेंट असेल तर खास प्रायमर लावल्याशिवाय चुना धरत नाही, पोपडे येतात. रंगाऱ्याला हे आधी विचारा. सोप्या कामासाठी तशा दिसणाऱ्या तयार इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायच्या, रंगांची चौकशी करा.

भिंत, छत, दारं सगळं एकाच रंगात रंगवण्याची पद्धतही जोरात आहे. मला आवडते, विशेषतः छोट्या खोलीत. कडा दिसेनाशा झाल्या की खोली कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. उभ्या पट्ट्यांच्या पॅनेलबद्दल मात्र एवढंच म्हणेन की ती पट्टीपट्टीतून पुसायची कोणी, हे घरात आधी ठरवून घ्या.

आणि जुनं फर्निचर. हा ट्रेंड मला मनापासून पटतो. १९७३ चा, डिझायनर मिशेल द्युकारॉय यांचा 'तोगो' सोफा आज पुन्हा जिकडेतिकडे दिसतो आणि त्याच्या नकलाही. वापरलेलं भरीव लाकडाचं कपाट त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या दाबीव बोर्डाच्या कपाटापेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. घेताना खालून आणि मागून पाहा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर ते लाकूड घरात आणायचं नाही, कितीही स्वस्त मिळो.

पायरी ४: लाकूड म्हणजे नक्की काय, ते विचारा

दुकानात 'वुडन' हा शब्द कशालाही लावतात. म्हणून थेट विचारायचं: आत काय आहे?

भरीव लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणून पावसाळी हवेत ड्रॉवर अडकतो. तो लगेच तासू नका, हवा कोरडी झाली की पुन्हा सरकतो. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही आणि स्क्रू घट्ट धरतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबीव बोर्ड, गुळगुळीत असतं, रंग सुरेख बसतो, पण त्याच्या कडेत मारलेला स्क्रू सहज सैल होतो. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला, सगळ्यात स्वस्त. कडेतून एकदा पाणी शिरलं की पावासारखा फुगतो आणि मूळपदावर येत नाही. म्हणून कडेची पट्टी सगळीकडे, मागच्या बाजूलाही, चिकटवलेली आहे का ते बोट फिरवून पाहा. व्हिनिअर हा खऱ्या लाकडाचा कागदासारखा थर, लॅमिनेट हा छापील. दोन्हींत वाईट काही नाही, फक्त कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

सुटे भाग आणून घरी जोडायचं फर्निचर म्हणजे हलक्या दर्जाचं, असं समजायचं कारण नाही. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची चक्क १८५९ ची १४ नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या सहा तुकड्यांची होती, दहा स्क्रू आणि दोन नटांवर उभी. एक घनमीटर खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या मावत. प्रश्न जोडणीचा असतो. म्हणून घरी जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे स्क्रू महिन्या-दीड महिन्याने पुन्हा आवळा.

पुस्तकांच्या फळ्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे नवखे हमखास फसतात. लांबलचक फळी ऐटदार दिसते. पण दोन टोकांवर टेकलेल्या फळीची लांबी दुप्पट केली आणि तितक्याच दाटीने पुस्तकं भरली, तर ती दुप्पट नाही, सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. १८ मिलिमीटर पार्टिकल बोर्डाची फळी ६०-७० सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवायची असेल तर मध्ये आधार द्या. माझ्याकडे सव्वा मीटरची एक फळी होती. वर्षभरात तिचा झोपाळा झाला. उलटी करून लावली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने तेच.

उंच कपाटं आणि ड्रॉवरची चेस्ट भिंतीला क्लॅम्पने बांधा. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच दिवशी करायचं. उघड्या ड्रॉवरवर मूल चढलं की अख्खं कपाट पुढे येतं.

पायरी ५: बसून, ओढून, उचलून पाहा

सोफ्यावर दुकानात दहा मिनिटं बसा, विक्रेता घुटमळत राहिला तरी. पाठ टेकल्यावर पाय जमिनीला लागतात का? घरात जसं पसरून बसता तसंच बसा, पाहुण्यासारखं नको. मग पुढचा एक कोपरा वीतभर उचला. दुसऱ्या बाजूचा पुढचा पाय लगेच वर आला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय. फोमची घनता विचारा. बैठकीला प्रति घनमीटर ३२ किलोच्या खालचा फोम लवकर बसतो, ४० असेल तर उत्तम. अभ्रे काढून धुता येतात का, तेही विचारा. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि वरून हलकंच दाबा. खाली लोंबला तर चॅनेल, म्हणजे तो सरकतो त्या पट्ट्या, कमकुवत.

पायरी ६: रंग आता

शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून भिंत ठरवू नका. चार भिंतींवर तोच रंग आला की एकमेकांवर पडून गडद भासतो. छोटा डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन बहुधा वाळल्यावर किंचित गडद होतं. मग तो पुठ्ठा एकेका भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहा. एका घरासाठी आम्ही राखाडी ठरवला होता. दिवसा तो राखाडीच होता, रात्री पिवळ्या दिव्याखाली सरळ हिरवट दिसला. पुठ्ठा होता म्हणून वाचलो.

प्रमाणासाठी ६०-३०-१० हा जुना आडाखा नवख्याला पुरतो: साठ टक्के मुख्य रंग म्हणजे भिंती आणि मोठे पृष्ठभाग, तीस टक्के जोडीचा रंग म्हणजे सोफा-पडदे, दहा टक्के उठावाचा. तो काटेकोर पाळायची गरज नाही.

पायरी ७: दिवे, ज्यांच्याकडे शेवटी लक्ष जातं

खरं तर सगळ्यात कमी खर्चात खोली बदलते ती दिव्यांनी. छताच्या मधोमध एकच पांढराफेक ट्यूबलाइट असेल तर कितीही महाग सोफा दवाखान्यातला वाटतो. बल्बच्या खोक्यावर उजेडाची छटा सांगणारा केल्विनचा आकडा असतो. बसण्याझोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० घ्या, तो उबदार पिवळसर. कामाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. ६५०० हा निळसर पांढरा, तो संध्याकाळी घरात नको. एका खोलीत दोन जातींचे बल्ब मिसळू नका, लगेच खटकतं. खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असेल तर कापडांचे आणि चेहऱ्यांचे रंग खरे दिसतात.

एका खोलीत निदान तीन ठिकाणी उजेड ठेवा: वरून सर्वसाधारण, वाचायच्या जागी खाली झुकलेला, आणि एखाद्या कोपऱ्यात भिंतीवर पडणारा मंद. आणि फर्निचर ठरल्यावरच वायरमन बोलवा. आधी बोलावला तर बोर्ड हमखास पलंगाच्या डोक्यामागे जातात.

पायरी ८: पडदे, गालिचा, चित्रं

पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना १५-२० सेंटीमीटर लांब आणि तेवढीच वर लावा. पडदे उघडले की काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी मोठी वाटते. कापड दांडीच्या लांबीच्या दुप्पट तरी घ्या, नाहीतर चुण्या पडत नाहीत. खालची कड जमिनीच्या जेमतेम वर. घोट्याच्या वर लटकणारे पडदे तोकड्या पॅन्टसारखे दिसतात.

गालिचा लहान घेणं ही चूक सगळेच करतात, मीही केली. सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत. त्याचीही आधी टेपने चौकट काढा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर. सोफ्यावर लावायचं असेल तर पाठीपासून वीतभर वर आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. बरीच छोटी चित्रं असतील तर त्यांच्या मापाचे कागद कापून आधी भिंतीवर टेपने लावा, मनासारखं जमलं की त्यावरूनच खिळे ठोका आणि कागद फाडून टाका.

सगळं एकदम घ्यायची घाई नको. एकेक खोली, आणि खोलीतही एकेक वस्तू. माझ्या खिडकीजवळ वाचायच्या खुर्चीसाठी टेपची चौकट काढून चार महिने झाले. मनासारखी खुर्ची अजून सापडलेली नाही. पण घरातले सगळे आता त्या चौकटीला वळसा घालूनच जातात.